तेरा नंबरची तार

गल्लीत त्याला 'चारशेचाळीस' म्हणत. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती, कारण ज्या चारशेचाळीस व्होल्टच्या झटक्यावरून हे नाव पडलं तो झटका पुन्हा खायची हौस कोणाला असणार? तोंडावर तो 'मास्तर' होता. जळालेल्या मोटरींत नवी तार भरून द्यायचं दुकान होतं त्याचं, आणि दुकानाच्या वरच घर. गिऱ्हाईक मोटर टेबलावर ठेवायचं आणि आपोआप जरा मागे सरकून उभं राहायचं. मास्तर झाकण उघडायचा, आत नाक घालून वास घ्यायचा, आणि सुरू व्हायचा.

"पंप आहे हा, म्हैस नाही. रोज अंघोळ कशाला घालता?"

किंवा, "माझ्याआधी कोणी उघडला होता हा पंखा? त्याला घेऊन या. पंखा नंतर भरू, आधी त्याला भरतो."

लोक ऐकून घेत, कारण मास्तरनं भरलेली मोटर परत येत नसे. शिवाय त्याच्या रागात दुजाभाव नव्हता. साहेब असो, पाहुणा असो, स्वतःचा थोरला भाऊ असो, चुकला की धुतलाच. आणि मास्तर स्वतः चुकला तर? चुकत असणारच, माणूस आहे. पण 'माझं चुकलं' हे शब्द त्याच्या तोंडून ऐकलेला इसम गल्लीत सापडला नसता. स्क्रू वाकडा बसला तर तो स्क्रू बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायचा आणि नवा स्क्रू घ्यायचा.

ज्याच्या हाताखाली तो हे काम शिकला तो म्हातारा त्याच्याहून तापट होता. उमेदवारीच्या पहिल्याच दिवशी म्हाताऱ्यानं तांब्याच्या तारेची दोन रिळं पुढ्यात ठेवली आणि विचारलं, यातली जाड तार कुठली? रिळं कागदात गुंडाळलेली, वर फक्त नंबर. ह्यानं मोठा नंबर उचलला आणि मानेवर सणसणीत चापट खाल्ली. "नंबर चढला की तार उतरते! म्हण!" ह्यानं म्हटलं. "पुन्हा म्हण!" पुन्हा म्हटलं. तारेचा गेज, म्हणजे जाडीचा नंबर, असाच उलटा चालतो. वीस नंबरची तार जाड, तीसची बारीक, चाळीसची तर केसासारखी. का, ते म्हाताऱ्यालाही माहीत नव्हतं. पुढे आयुष्यात बऱ्याच गोष्टींनी मास्तरला तोंडघशी पाडलं, पण ह्या एका वाक्यानं कधी दगा दिला नाही. त्यामुळे त्याचा जगावर नसला तरी तारेवर विश्वास होता.

बायको त्याच्या नेमकी उलट. ती बालवाडीत शिकवायची आणि अख्खी गल्ली तिला 'बाई' म्हणायची. तिचा आवाज कधी चढलेला कोणी ऐकला नव्हता. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला की ती गिटार मांडीवर घेऊन वाजवायला लागायची, आणि पोरं एकेक करून पायाशी येऊन बसायची. गिटार तिच्या धाकट्या भावाची. त्यानं नवी घेतली तेव्हा जुनी बहिणीला देऊन टाकली, आणि तारा बदलायचं कामही आपल्याकडेच ठेवलं. तारा त्याच्या, गाणी तिची. गिटारच्या तारेला नंबर असतो हेही तिला ठाऊक नव्हतं, कारण कधी गरजच पडली नव्हती.

मग तिला कॅन्सर झाला. ज्यावर ओरडून काही उपयोग नाही अशी गोष्ट मास्तरला पहिल्यांदाच भेटली, म्हणून तो बाकी सगळ्यांवर ओरडला. हॉस्पिटलातल्या लिफ्टवर, रांगेवर, रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसावर, आणि "काळजी करू नका, होईल सगळं ठीक" असं म्हणणाऱ्या प्रत्येक नातेवाइकावर. गाठ काढली. औषधं झाली. केस गेले, पुन्हा आले. ती उठली, हिंडूफिरू लागली. पण त्या औषधांनी बोटांच्या टोकांचं पार वाटोळं केलं होतं. सतत मुंग्या, आणि काही दाबलं की सुया टोचल्यासारखं व्हायचं. ब्लाऊजचं बटण लावताना ती ओठ चावायची, आणि मास्तर बाहेर जाऊन दाराला लाथ घालायचा. दाराचा खालचा कोपरा त्यात निखळला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गिटार वाजवत होता ना? मग वाजवा. बोटं वापरात राहिली पाहिजेत. हलक्या तारा लावा, दुखलं की थांबा, पण सोडू नका." बालवाडी सुट्टीनंतर उघडायची होती. त्या दिवशी गिटार घेऊनच वर्गात जायचं, असं तिनं ठरवलं. बोटांनी साथ दिली तर नोकरी, नाहीतर राजीनामा. पोरांपुढे नुसतं बसून राहणाऱ्या बाई व्हायचं नव्हतं तिला. हे तिनं शांतपणे सांगितलं. ती सगळंच शांतपणे सांगायची.

आजारपणात गिटार भिंतीला टांगून पडली होती. तारा गंजल्या होत्या, एक तर तुटून लोंबत होती. बायकोनं भावाला फोन लावला. भाऊ ऑर्केस्ट्रात वाजवायचा, त्यामुळे कायम कुठल्यातरी परगावी.

"दहाचा सेट आण म्हणतोय," फोन ठेवून ती म्हणाली. "दहा नंबर, सगळ्यात मऊ. पण घाई करू नकोस म्हणाला. परत आलो की मीच घेऊन येतो आणि लावून देतो."

मास्तर जेवत होता. त्याचा घास हातातच राहिला.

"का? मी मेलोय?"

"अहो, तसं नाही हो..."

"उभा जन्म तारेत गेला माझा. आणि ह्या घरात तार आणायला ऑर्केस्ट्रावाला येणार? वर काय म्हणाला, दहा? दहा!" तो हसला, पण त्या हसण्यालाही धार होती. "दहा म्हणजे दोरखंड! गधड्याला गेज कळत नाही आणि निघालाय तारा लावायला. अगं, नंबर चढला की तार उतरते! म्हाताऱ्यानं चापट मारून म्हणवून घेतलंय माझ्याकडून."

"गिटारचं वेगळं असेल काही."

"तार ती तार! गिटारला लावली म्हणून शिंगं फुटतात का तिला?"

बायकोनं त्याच्या पानात पोळी वाढली. हा माणूस माणसांबद्दल काहीही बरळतो, पण तारेबद्दल बोलला की ते खरं निघतं, हे ती लग्न झाल्यापासून बघत आली होती.

वाद्यांच्या दुकानातला माणूस मऊ आवाजाचा होता. सगळं सावकाश करायचा. समोरच्या मुलीला बासऱ्या दाखवताना एकेक बासरी फडक्यानं पुसून हातात देत होता. मास्तरला असल्या माणसांचा मुळातच संताप यायचा.

"गिटारच्या तारा. सगळ्यात मोठा नंबर कुठला?"

"तेरा," दुकानदार म्हणाला. "दहा, अकरा, बारा, तेरा, एवढे आहेत."

"तेरा द्या."

दुकानदारानं कप्प्याकडे हात नेला आणि मध्येच थांबवला. "वाजवणार कोण, साहेब?"

"बायको."

"कार्यक्रम वगैरे करतात का त्या? हात जोरकस आहे?"

"आजारातून उठलीय. बोटं दुखतात तिची. म्हणून तर मोठा नंबर मागतोय!"

"मग साहेब, दहाच न्या. कारण ह्याच्यात उलटं..."

'उलटं' एवढंच त्याला बोलता आलं. मास्तरनं काउंटरवर असा पंजा आपटला की काचेखालच्या सगळ्या खुंट्या हलल्या.

"मला तार शिकवू नका! तुम्ही पाकिटं विकता, मी तार हातात धरतो, रोज! तुमचे दहा खपत नसतील म्हणून माझ्या गळ्यात मारताय, कळतं मला. तेरा मागितले, तेरा द्या, आणि भाषण ठेवा तुमच्या घरच्यांसाठी."

मुलगी हातातली बासरी ठेवून बाहेर पडली. दुकानदारानं तिच्याकडे पाहिलं, मास्तरकडे पाहिलं आणि ओठ मिटले. तेराचं पाकीट पिशवीत घालून त्यानं पुढे सरकवलं. पाकिटावर बारीक अक्षरांत बरंच काही छापलं होतं, पण रिळावरचा नंबर तेवढा खरा आणि बाकीची जाहिरात, असं मास्तरचं मत असल्यानं त्यानं ते वाचलं नाही. पायऱ्या उतरताना त्याला छान हलकं वाटत होतं. कोणाला तरी धुतलं की त्याला वाटायचंच.

तारा त्यानं स्वतः लावल्या. जुन्या उतरवल्या, गुंडाळून खिशात टाकल्या. गंजानं फुगलेल्या त्या तारांपुढे नवी चकचकीत तार नाजूकच दिसत होती. मात्र खुंट्या पिळताना हाताला जोर लागत होता, आणि गिटार आतून कुरकुरत होती. "नवीन आहेत, सैलावतील," तो म्हणाला. उरलेली टोकं पकडीनं कापली आणि तीही खिशात टाकली. तारेचा तुकडा फेकून देणं त्याच्या जिवावर यायचं; खाली दुकानात असल्या तुकड्यांचा एक डबाच होता.

सूर जुळवायला बायकोनं फोन पुढ्यात ठेवला. सूर जुळवून देणाऱ्या त्या ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यात एक आकडा असायचा, सुराचं माप सांगणारा. ४४०.

"अहो, बघा," ती म्हणाली. "तुमचं नाव आलंय."

आपल्या टोपणनावाची खबर मास्तरला होती. ती बायकोलाही आहे, हे त्याला आत्ता कळत होतं. तो फुरफुरला. ती हसली, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आजारानंतर ती अशी हसलीच नव्हती, म्हणून त्यानं रागवायचं राहू दिलं.

मग तिनं बोटं तारांवर ठेवली आणि दाबली. सूर उमटला नाही, नुसतं थडथडलं. तिनं आणखी दाबलं. चेहरा पांढरा पडला आणि हात झटकन मागे आला.

"लागतंय का?"

"थोडंसं."

"होईल सवय. याहून हलकी तार जगात मिळायची नाही. लिहून देतो."

पुढचे दिवस असेच गेले. तो खाली मोटरी भरायचा आणि कान वर लावून बसायचा. वर एक सूर वाजायचा, अर्धवट. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा एक. गिऱ्हाईक काही विचारायला लागलं तर मास्तर त्याच्यावर खेकसायचा, "गप्प बसा जरा!" आणि वरून काहीच ऐकू येत नसे. तो वर जाऊन विचारायचा, "लागतंय का?" ती म्हणायची, "कमी आहे आज." बोटं मात्र पदराखाली लपवायची. एकदा त्यानं पाहिलं तर टोकांवर खोल चरे पडले होते. त्याला त्या डॉक्टरणीचा राग आला. त्या औषधांचा राग आला. इतकी औषधं घेऊनही बोटं साधी तार दाबत नाहीत, म्हणून बोटांचाही आला. राग यायचा बाकी होता तो फक्त पाकिटाचा, आणि तो काही आला नाही.

शाळा उघडायची वेळ जवळ आली तेव्हा ती सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"दादा येतोय आज," ती म्हणाली. धाकट्या भावाला ती लाडानं दादा म्हणायची. "त्याला सांगितलंय, गिटार घेऊन जा. शाळेत नवीन बाई घेतील माझ्या जागी, त्यांच्या उपयोगी पडेल. मोठ्या बाईंना मी आज कळवते."

"काय कळवतेस?"

"राजीनामा."

मास्तर ताडकन उठला. स्टूल आडवं झालं. "वा! डॉक्टरीण घसा फोडून सांगतेय, सोडू नका, सोडू नका. आणि तू? दुखतंय म्हणून सोडून मोकळी! दुखणारच! मला नाही चटके बसत? वार्निशनं हात भाजत नाहीत माझे? एवढीशी हलकी तार दाबवत नाही तुला?"

"नाही," ती म्हणाली. आवाज तसाच, खालच्या पट्टीत. "तेच तर सांगतेय. हलक्यात हलकी तार आहे आणि तीही दाबवत नाही. तुम्ही लिहून देत होतात, याहून हलकी जगात नाही म्हणून. मग आता कशाची वाट बघायची?"

उत्तर नसलं की तो जिना उतरायचा. पाय आपटत खाली गेला आणि दुकानाचं शटर असं वर फेकलं की समोरच्या चहावाल्यानं गिऱ्हाइकाला सांगितलं, आज मोटर घेऊन जाऊ नका.

त्या दिवशी कामही त्याच्या मनासारखं होईना. पंपाच्या मोटरीत तार भरताना दोनदा तुटली. तारेच्या आईबापांचा उद्धार करून झाला. वार्निशच्या डब्याचं तोंड वाळून चोंदलं होतं. ते मोकळं करायला काहीतरी बारीक आणि ताठ हवं होतं, म्हणून त्यानं तुकड्यांचा पत्र्याचा डबा उघडला आणि हाताला आलं ते गिटारच्या नव्या तारेचं कापलेलं टोक. पहिल्या तारेचं, सगळ्यात बारीक तारेचं. त्यानं ते भोकात घातलं. भोक मोकळं झालं, पण तुकडा तो खाली ठेवीना. अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवत राहिला. बोटांना काहीतरी खटकत होतं.

हाताला तार लागली की मोजायची, ही त्याची खोड. म्हाताऱ्यानं दिलेला जुना मायक्रोमीटर खणात होता. इंचाचे हजार भाग दाखवणारा. एका भागाला ह्या धंद्यात 'थाऊ' म्हणतात. त्यानं तुकडा जबड्यात धरला, मूठ फिरवली आणि चष्मा कपाळावर ढकलून आकडा वाचला.

तेरा.

त्यानं तुकडा पुसून पुन्हा मोजला. तेरा थाऊ. मग डब्यातून जुनी पहिली तार काढली, खुंटीला गुंडाळलेल्या भागात गंज चढला नव्हता तिथे मोजली. अकरा. आधीची तार, जी ती वर्षानुवर्षं हसतखेळत वाजवत होती, ती अकराची. आणि तिच्या दुखऱ्या बोटांसाठी त्यानं आणलेली तेराची. म्हणजे पाकिटावरचा नंबर गेजचा नव्हताच. तो सरळ जाडीचा होता. जितका नंबर तितकी जाडी, इतकं साधं, की शेंबड्या पोरालाही कळेल.

पहिल्यांदा त्याला, अर्थातच, राग आला. कोण गाढव तारेला असा सरळ नंबर देतो? जगभर गेज उलटा आणि ह्यांचाच तेवढा सुलटा? मग त्याला तो मऊ आवाज आठवला. "कारण ह्याच्यात उलटं..." मेव्हणा आठवला. दोरखंड आठवला. आणि मग स्वतःचाच आवाज आठवला, आज सकाळचा: एवढीशी हलकी तार दाबवत नाही तुला? म्हाताऱ्याची चापट पुन्हा मानेवर बसली असं त्याला वाटलं, आणि ह्या वेळी तिचा दोष कुठल्या रिळावर ढकलावा ते सुचेना.

जिन्यावर पावलं वाजली. मघाशी वर गेलेला मेव्हणा खाली येत होता, खांद्याला गिटारची पिशवी.

"ठेव ती!" मास्तर ओरडला.

"दाजी, ताईनंच दिलीय..."

"ठेव म्हणतो ना! नाही, ठेवू नको. वर आण. चल वर!"

मेव्हण्याचा दंड धरून त्यानं त्याला जवळजवळ उचलूनच वर नेलं. बायको खिडकीशी बसली होती, मांडीवर हात मोकळे ठेवून. मास्तर तिच्यासमोर उभा राहिला. एका हातात मायक्रोमीटर, दुसऱ्या हातात तारेचा तुकडा. आणि तोंडातून काय निघालं? शिव्या.

"हे तारा बनवणारे कोण लोक आहेत त्यांना एकदा माझ्यासमोर आणा! थाऊमध्ये नंबर? थाऊमध्ये? अरे, जरा तरी अक्कल! पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहायला काय झालं होतं? आणि तो दुकानदार, तोंडात मिठाची गुळणी धरून बसला, दहा म्हणाला तर नीट जोरात म्हणायचं ना..."

"काय झालंय?" बायको म्हणाली.

तो थांबला. मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्यानं एव्हाना पिशवीची चेन उघडून एका बोटानं तार छेडली होती, आणि त्याची भुवई वर गेली होती.

"ताई, ह्या तेरा आहेत," तो हळूच म्हणाला. "सगळ्यात जाड. ह्या मलासुद्धा दाबायला जड जातात. मी दहा सांगितल्या होत्या."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं.

"माझी बोटं...?"

"बोटं ठीक आहेत," मास्तर म्हणाला. "म्हणजे दुखतात, पण... तुझ्या बोटांचं काही नाही. तार जाड आहे. मी उलटं..." त्याचं वाक्यही तिथेच अडकलं, दुकानदाराचं अडकलं होतं तिथे. त्यानं मायक्रोमीटर आणि तुकडा टेबलावर ठेवले. हात मोकळे झाल्यावर त्यांचं काय करायचं ते कळेना. "माझं चुकलं," तो म्हणाला.

मग बायको उठली.

"अरे माणसा!"

लग्न झाल्यापासून ती त्याला 'अहो' म्हणत आली होती. भांडणातही अहो, आजारातही अहो, शुद्ध हरपत असतानाही अहो. तो अहो त्या क्षणी कुठे गेला कोणास ठाऊक.

"अरे, इतके दिवस मी ह्या खोलीत बसून स्वतःच्या बोटांना शिव्या देतेय! मला वाटलं, आजार गेलाच नाही, आत कुठेतरी दबा धरून बसलाय. मी शाळा सोडायला निघाले होते! माझी पोरं सोडायला निघाले होते! आणि तू रोज वर येऊन विचारतोस, लागतंय का, लागतंय का! माझा भाऊ सांगतो दहा, तो दुकानदार सांगतो दहा, सगळं जग दहा म्हणतंय, पण तू ऐकशील तर शपथ! तुझ्यासमोर कोणाला कधी वाक्य पुरं करता आलंय का रे? मला तरी आलंय?"

"अगं..."

"मध्ये बोलू नकोस! कॅन्सर मला झाला होता. मला! आणि ओरडत कोण होतं? तू! डॉक्टरवर तू, नर्सवर तू, दारावर तू! मलाही ओरडायचं होतं रे. मलाही दारं तोडायची होती. पण घरातली सगळी ओरडायची जागा तू एकट्यानं अडवून बसलेला. मी कुठे ओरडायचं? न्हाणीत, नळ सोडून?"

तिनं टेबलावर थाड्कन हात मारला. मायक्रोमीटर उडाला. तिला कळ आली, बोटं दुसऱ्या हातात दाबून धरली, आणि त्या कळेचाही राग येऊन तिनं पुन्हा, आता कोपरानं, टेबल ठोकलं. मास्तरनं पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला. तिच्या पोटात इतका राग साठला होता आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता, ह्याची त्याला लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली.

खाली रस्त्यावर दोन माणसं वर बघत उभी राहिली होती. चारशेचाळीसच्या घरातून आवाज यावा ह्यात नवल नव्हतं. पण तो बाईंचा होता.

"काढ त्या तारा," ती म्हणाली.

मेव्हणा पुढे झाला. "ताई, मी काढतो. दहाचा सेट आणलाय मी. नवीन बाईंना द्यायची तर तारा बदलून द्यावी म्हटलं."

"तू नाही. हा काढेल."

मास्तर जमिनीवर मांडी घालून बसला. खुंट्या सैल केल्या तसं गिटारच्या अंगातून काहीतरी सुटल्यासारखा आवाज आला. मेव्हणा गिटारच्या मानेवरून नजर फिरवत म्हणाला, "मान जरा वाकलीय, दाजी. पण येईल सरळ." मास्तरनं मान डोलावली. दहाच्या तारा हातात घेतल्या तेव्हा त्याच्या बोटांना लगेच कळलं. दुकानातच दहाची आणि तेराची तार नुसती शेजारी धरली असती, तरी त्याच दिवशी कळलं असतं.

"नंबर चढला की?" वरून प्रश्न आला. बालवाडीच्या बाईंचा आवाज, पण गोडवा वजा.

त्यानं वर पाहिलं. तिनं नजर हटवली नाही.

"तार चढते," तो म्हणाला. "गिटारची."

"पुन्हा म्हण."

"नंबर चढला की तार चढते."

मेव्हणा खिडकीबाहेर बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते. "दाजी," तो न राहवून म्हणाला, "ताई तुम्हाला अरे म्हणाली."

"ऐकलंय मी. तू तुझं काम कर."

"माझं काही कामच नाही इथे."

"मग गप्प बस!" मास्तर खेकसला, आणि लगेच बायकोकडे चोरून पाहिलं.

सूर जुळवून झाले. ती खुर्चीवर बसली, गिटार मांडीवर घेतली. रागानं अजून श्वास जोरात चालला होता. तिनं बोट पहिल्या तारेवर ठेवून दाबलं. चेहरा आक्रसला. थडथडलं. "मेलं बोट!" ती म्हणाली. अशी शिवीसुद्धा मास्तरनं तिच्या तोंडून ऐकली नव्हती. तिनं बोट थोडं सरकवलं, पुन्हा दाबलं आणि दुसऱ्या हातानं तार छेडली.

सूर उमटला. स्वच्छ, बारीक, खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाईल इतका. मास्तरला राहवलं नाही. जमिनीवर बसल्या बसल्याच, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू आवाजात, त्यानं विचारलं, "लागलं का?"

"लागला," ती म्हणाली. "सूर लागला. बोटाचं मी बघेन. आता तोंड मीट आणि ऐक."